१९४९ची पहिली आवृत्ती नागपूरला आणताना

‘द साउंड ऑफ म्युझिक’ या चित्रपटावर जीव असलेल्या आम्हा काही नागपूरकरांनी मिळून मारिया फॉन ट्रॅप यांच्या ‘द स्टोरी ऑफ द ट्रॅप फॅमिली सिंगर्स’ या आत्मकथनाची १९४९ सालची पहिली आवृत्ती अमेरिकेतून मागवली. हा चित्रपट ज्या कथेवर उभा आहे, ती मठातून आलेली मारिया आणि सात मुलांचे वडील कॅप्टन फॉन ट्रॅप यांची कथा मुळात याच पुस्तकातली. जानेवारी २०२४ मध्ये हाती घेतलेले हे काम मार्चच्या मध्याला पूर्ण झाले. जुने पुस्तक परदेशातून आणायचे म्हटले की बँक, टपाल आणि सीमाशुल्क या तिन्हींची धास्ती वाटते आणि या सगळ्याची माहिती मराठीत एका ठिकाणी मला तरी मिळाली नव्हती. म्हणून जे जसे घडले ते तारखांसह आणि खर्चासह लिहीत आहे.

आमची बैठक महिन्यातून एकदा धरमपेठेत भरते. ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या एक काकू, शाळेत संगीत शिकवणारे एक सर, त्यांची महाविद्यालयात शिकणारी भाची आणि मी असे आम्ही नेहमीचे; बाकी येऊन जाऊन असतात. चित्रपट सगळ्यांना पाठ असल्यामुळे बोलणे बहुतेक वेळा पडद्यामागच्या माणसांवर जाते. १४ जानेवारीला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, विषय निघाला तो आवाजांचा. कॅप्टनची गाणी क्रिस्टोफर प्लमर यांनी स्वतः गायिली असावीत, असे बैठकीला नव्याने आलेल्या एका गृहस्थांचे ठाम मत होते. सरांनी त्यांना शांतपणे सांगितले की पडद्यावर ऐकू येणारा तो आवाज बिल ली यांचा आहे, मठाच्या प्रमुख झालेल्या पेगी वुड यांच्यासाठी मार्जरी मॅके गायिल्या आहेत आणि या दोघांचीही नावे श्रेयनामावलीत नाहीत.

ही गोष्ट मला दर वेळी नव्याने खटकते. आपल्याकडे पार्श्वगायकाचे नाव लोक नटाच्या आधी घेतात, कित्येकदा चित्रपट विसरतात आणि गाणारा लक्षात ठेवतात. हॉलिवूडने मात्र ही माणसे कसोशीने झाकून ठेवली. मार्नी निक्सन यांचेच पाहा. ‘वेस्ट साइड स्टोरी’त नॅटली वुडसाठी आणि ‘माय फेअर लेडी’त ऑड्री हेपबर्नसाठी त्यांनी आवाज दिला. रंगभूमीवर एलायझाची भूमिका गाजवलेल्या ज्युली अँड्र्यूज यांना डावलून ‘माय फेअर लेडी’ हा चित्रपट हेपबर्नकडे गेला होता, हे सर्वांना ठाऊक आहेच. त्याच मार्नी निक्सन ‘द साउंड ऑफ म्युझिक’मध्ये सिस्टर सोफिया होऊन पहिल्यांदा स्वतःच्या चेहऱ्याने पडद्यावर आल्या आणि अँड्र्यूज यांच्या मारियाविषयी इतर जोगिणींसोबत गायिल्या. प्लमर यांच्या मूळ आवाजातील ध्वनिमुद्रणेही अखेर २०२३ मध्ये निघालेल्या विस्तारित संचात प्रसिद्ध झाली. ती ऐकल्यावर त्यांचा आवाज वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. बिल ली यांचा आवाज अधिक स्थिर आहे, एवढेच.

आवाजांचा वाद मिटला, तेव्हा भाचीने दुसरा प्रश्न काढला. या कथेत खरे किती आणि रचलेले किती? काकू म्हणाल्या, “त्याचे उत्तर मूळ पुस्तकातच मिळेल. चित्रपटावरची पुस्तके आपण पुष्कळ चाळली, आता जे चित्रपटाच्या आधीचे आहे ते पाहू.” मारिया यांचे पुस्तक १९४९ मध्ये लिपिनकॉट या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने काढले. त्यावरून १९५६ मध्ये जर्मन चित्रपट झाला, १९५९ मध्ये ब्रॉडवेवर रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांचे संगीतनाटक आले आणि १९६५ मध्ये रॉबर्ट वाइज यांचा चित्रपट. पुस्तकाच्या नव्या कागदी बांधणीच्या प्रती आजही विकत मिळतात आणि केवळ मजकूर हवा असेल तर त्या पुरेशा आहेत. आम्हाला मात्र ती वस्तूच हवी होती. ज्युली अँड्र्यूज यांचा चेहरा या कथेला चिकटण्याच्या सोळा वर्षे आधी वाचकांच्या हाती पडलेली प्रत आम्हाला पाहायची होती. चौघांनी वर्गणी काढायचे ठरले आणि पत्रव्यवहार माझ्याकडे आला.

पुढचे दोन आठवडे प्रती पाहण्यात गेले. या टप्प्यात काकूंचा अनुभव उपयोगी पडला. जुन्या पुस्तकांच्या व्यापारात ‘गुड’ हा शेरा प्रत बऱ्यापैकी झिजलेली असल्याचे सांगतो; खरोखर चांगल्या प्रतीला ‘व्हेरी गुड’ किंवा ‘फाइन’ म्हणतात. पुस्तक आणि त्याचे कागदी वेष्टन, ज्याला सगळे जॅकेटच म्हणतात, यांचे शेरे वेगवेगळे दिलेले असतात आणि ते दोन्ही वाचावे लागतात. ‘एक्स-लायब्ररी’ असे लिहिले असेल तर आत शिक्के, खिसा आणि चिकटपट्टीच्या खुणा असणार हे गृहीत धरावे. सर्वांत जास्त जपायचे ते बुक क्लबच्या, म्हणजे सभासदांसाठी वेगळ्या काढलेल्या, आवृत्तीपासून. ती त्याच सुमाराची आणि वरवर तशीच दिसते, पण जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमत छापलेली नसते, कागद बहुधा हलका असतो आणि मागच्या पुठ्ठ्यावर कधीकधी एक लहानसा दाबलेला ठसा असतो. संग्राहकांच्या लेखी तिला फारसे मोल नसते.

“अगं, शीर्षकपानाच्या मागच्या बाजूचा फोटो आधी मागव. तो आल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नकोस,” असे काकूंनी मला बजावले होते. त्याप्रमाणे मी ज्या विक्रेत्यांना लिहिले, त्यांच्यापैकी काहींनी उत्तरच दिले नाही आणि एकाने वेगळ्याच प्रतीचा फोटो पाठवला. शेवटी एका लहान दुकानदाराने शीर्षकपानाची मागची बाजू, जॅकेटची आतली घडी, कणा, चारही कोपरे आणि बांधणीचा जोड यांचे स्वच्छ फोटो पाठवले. १९४९ हे साल आणि पहिली आवृत्ती असल्याचा उल्लेख त्यांत दिसत होता, घडीवर छापील किंमत शाबूत होती, आणि कण्याचा रंग उडालेला असल्याचे त्याने आपणहून कळवले होते. दोष आपणहून सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, असे माझे मत झाले आहे. पुस्तकाचे ६५ डॉलर आणि टपालाचे ३२ डॉलर असा सौदा २ फेब्रुवारीला ठरला.

पैसे भरण्याआधी कार्डाची एक गोष्ट पाहून घ्यावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमांपासून नवे कार्ड देशांतर्गत व्यवहारांपुरतेच चालू होऊन येते. परदेशी व्यवहार आपण बँकेच्या ॲपमधून चालू करायचे असतात. मी मर्यादा दहा हजार रुपये ठेवली, पैसे भरले आणि त्याच दिवशी सुविधा पुन्हा बंद केली. ९७ डॉलरचे सुमारे ८,०८० रुपये झाले, त्यावर बँकेचे साडेतीन टक्के परकीय चलन शुल्क आणि त्या शुल्कावर अठरा टक्के जीएसटी, असे मिळून विवरणपत्रात जवळजवळ ८,४१५ रुपये दिसले. हे शुल्क विक्रेत्याच्या किमतीत कुठेच दिसत नाही, म्हणून वर्गणी काढताना ते आधीच धरावे. विवरणपत्रातील त्या नोंदीची प्रत मी लगेच वेगळी काढून ठेवली आणि पुढे तिचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

पार्सल निघण्याआधी विक्रेत्याला मी तीन विनंत्या केल्या. पार्सलवरच्या सीमाशुल्काच्या घोषणापत्रात ‘जुने छापील पुस्तक, १९४९’ असे स्पष्ट लिहावे, किंमत खरी लिहावी आणि भेटवस्तू असा उल्लेख मुळीच करू नये. परदेशी विक्रेते ग्राहकाचा कर वाचावा म्हणून सद्हेतूने ‘गिफ्ट’ असे लिहितात, पण डिसेंबर २०१९ पासून टपालाने किंवा कुरिअरने शुल्कमाफ भेट म्हणून माल आयात करण्यास आपल्याकडे बंदी आहे. राखी आणि जीवरक्षक औषधे एवढाच अपवाद. त्या एका शब्दाने पुस्तक अडकू शकते. शिवाय पुस्तकावर कर तसा थोडाच आहे. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात छापील पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लागले, त्या रकमेवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार असतो आणि छापील पुस्तकांना जीएसटी नाही.

६ फेब्रुवारीला पार्सल निघाले. शेवटी ‘यूएस’ ही अक्षरे असलेला तेरा खुणांचा क्रमांक मिळाला. पार्सल अमेरिकेत असेपर्यंत तो तिथल्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावर चांगला दिसतो. भारतात पोहोचल्यावर तोच क्रमांक भारतीय टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाकायचा. १७ फेब्रुवारीला ते मुंबईत आल्याची नोंद दिसली आणि त्यानंतर कितीतरी दिवस नोंद पुढे सरकली नाही. ‘सीमाशुल्क विभागाकडे’ एवढेच शब्द रोज दिसत होते. हा काळ मला फार जड गेला, कारण पैसे चौघांचे होते आणि विचारणा करायची तर कोणाकडे, हे कळत नव्हते. आता एवढे सांगू शकते की ही नोंद म्हणजे पार्सल जप्त झाल्याची खूण नव्हे. तपासणीची पाळी येईपर्यंत ते तिथेच दिसत राहते.

२६ फेब्रुवारीला कागदपत्रे मागणारे पत्र ईमेलने आले. पार्सलवर माझा ईमेल आणि मोबाइल क्रमांक छापला गेला होता, म्हणूनच ते वेळेवर पोहोचले. मागवताना पत्त्यासोबत या दोन्ही गोष्टी द्यायला विसरू नये. विक्रेत्याचे बिल, पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्राची प्रत आणि वस्तू कशासाठी मागवली याचे निवेदन एवढे त्यांना हवे होते. मी बिल, कार्डाच्या विवरणपत्रातील ती एक नोंद (बाकीच्या नोंदी झाकून) आणि ओळखपत्राची प्रत एकाच पीडीएफमध्ये घातली. ओळखपत्राच्या प्रतीवर ‘या पार्सलच्या सीमाशुल्कापुरती’ असे लिहून सही केली. निवेदन अर्ध्या पानाचे होते. पार्सलचा क्रमांक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, साल, ते छापील पुस्तक असून शुल्कसूचीच्या ४९०१ या शीर्षकाखाली येते हा उल्लेख, ते वैयक्तिक वाचनासाठी असून विक्रीसाठी नाही हे वाक्य, तारीख आणि सही. विक्रेत्याने पाठवलेला शीर्षकपानाचा फोटोही सोबत जोडला, म्हणजे पेटीतली वस्तू आणि कागदावरचे वर्णन जुळते आहे हे पाहणाऱ्याला एका दृष्टीत दिसावे. ईमेलच्या विषयात केवळ पार्सलचा क्रमांक लिहिला. २७ तारखेला हे सर्व पाठवले, ९ मार्चला नोंद हलली आणि पार्सल नागपूरच्या दिशेने निघाले.

१५ मार्चला दुपारी पोस्टमनदादा दारात आले. सीमाशुल्क आणि टपाल खात्याचे शुल्क मिळून पाचशेच्या आतबाहेर रक्कम होती. ती रोख देऊन पावती घेतली. रक्कम अजमासे किती येईल हे आधीच काढून सुटे पैसे बाजूला ठेवले, तर दारात घाई होत नाही. सीमाशुल्क विभाग स्वतः जाहीर केलेला विनिमय दर धरतो, त्यामुळे आपल्या हिशेबात थोडा फरक पडतो. पार्सल फोडताना भाचीने अखंड व्हिडिओ घेतला, कारण आत काही मोडतोड निघाली असती तर विक्रेत्याला दाखवायला तोच पुरावा ठरला असता.

पुस्तक मेणकागदात, त्यावर पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांमध्ये नीट बांधलेले होते. जॅकेटचा कणा फिकटलेला, वरच्या कडेला नखाएवढी चीर, खालचा एक कोपरा दबलेला. फोटोत होते तसेच. पानांच्या कडा चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या, पण पान उलटताना कड मोडत नव्हती, हे काकूंनी दोन बोटांनी हळूच वाकवून पाहिले. पहिल्या कोऱ्या पानावर निळ्या शाईत, एका मावशीने भाचीला १९५० च्या नाताळात पुस्तक भेट दिल्याची ओळ होती. संग्राहक अशी ओळ दोष मानतात. आम्हा सर्वांना ती फार आवडली.

पुस्तक आणण्यापेक्षा ते नागपुरात टिकवणे अवघड आहे. एप्रिल लागला की घरोघरी वाळ्याचे कूलर सुरू होतात आणि खोलीत दिवसरात्र ओलसर हवा भरते. बाहेर पंचेचाळीस अंशांचा कोरडा ताव आणि आत ही ओल, यांत जुना कागद वाकतो आणि बुरशीला वाव मिळतो. म्हणून पुस्तक कूलर नसलेल्या खोलीत, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर, आतल्या भिंतीच्या कपाटात उभे ठेवले आहे. सीताबर्डीच्या बाजारातून पारदर्शक पॉलिएस्टरची फिल्म आणि पुठ्ठ्याची पेटी आणली. दोन्ही मिळून साडेसहाशे रुपये झाले. फिल्म जॅकेटवर केवळ घडी घालून बसवायची असते. जॅकेट लॅमिनेट करू नये आणि चिरेला साधी चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो. कसर लागू नये म्हणून कपाटाच्या तळाशी वेखंडाची पुरचुंडी ठेवली आहे. डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नयेत. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या महिन्याला बदलाव्या लागतात. एकूण खर्च साडेनऊ हजारांच्या आसपास गेला.

वाचन मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू झाले आणि भाचीच्या प्रश्नाचे उत्तर पानापानावर मिळू लागले. मारिया त्या घरी आल्या त्या साती मुलांना सांभाळायला म्हणून आल्या नव्हत्या. आजारपणातून उठलेल्या, शाळेत जाऊ न शकणाऱ्या एका मुलीला शिकवण्यासाठी नॉनबर्गच्या मठाने त्यांना पाठवले होते आणि त्या मुलीचे नावही मारियाच होते. लीझल, फ्रीडरिश, ब्रिगिटा ही नावे नाटककारांची. खऱ्या घरात रूपर्ट, आगाथे, वेर्नर, हेडविग, योहाना आणि मार्टिना होती. कॅप्टन आणि मारिया यांचे लग्न १९२७ चे आहे, म्हणजे ऑस्ट्रिया सोडण्यापूर्वी त्यांचा अकरा वर्षे संसार झाला होता. बँक बुडून घरची श्रीमंती गेल्यानंतरचे दिवस चित्रपटात अजिबात नाहीत. सरांना सर्वांत मोठा धक्का बसला तो चित्रपटात या कुटुंबाला गाण्यासाठी रंगमंचावर आणणाऱ्या मॅक्स डेटवायलरचा, कारण हे पात्र पुस्तकात नाहीच. या कुटुंबाचे गाणे घडवले ते फादर फ्रांत्स वासनर यांनी. एका संगीतशिक्षकाला चित्रपटातली फादर वासनर यांची गैरहजेरी लागावी हे मला अगदी पटते. सर त्या संध्याकाळी इतर कशाबद्दल बोललेच नाहीत. आणि शेवटी डोंगर ओलांडणेही नाही. १९३८ मध्ये हे कुटुंब आगगाडीने इटलीला गेले.

यामुळे चित्रपट आमच्या नजरेतून उतरला का, असे एका मैत्रिणीने विचारले. तसे मुळीच झाले नाही. चार्मियन कार यांनी एकविसाव्या वर्षी सोळा वर्षांची लीझल उभी केली, सर्वांत लहान किम कारथला पोहता येत नसतानाही नाव उलटण्याचा प्रसंग चित्रित झाला, डोंगरावरच्या पहिल्या दृश्यात हेलिकॉप्टरच्या वाऱ्याने ज्युली अँड्र्यूज पुन्हा पुन्हा आडव्या होत होत्या. त्या कामाचे मोल पुस्तकाने कमी होत नाही. उलट, खऱ्या मारिया फॉन ट्रॅप एका गाण्यात रस्त्याच्या मागच्या बाजूने क्षणभर चालत जातात, ते दृश्य आम्ही आता थांबवून पाहतो, कारण त्या कोण आहेत हे आता आम्हाला वाचून ठाऊक आहे.

पुढची पुस्तके सगळीच परदेशातून मागवायची नाहीत. चार्मियन कार यांच्या आठवणी किंवा साती बालकलाकारांनी मिळून काढलेले पुस्तक यांत आम्हाला मजकुराशीच कर्तव्य आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी आधी इथल्या पुस्तकविक्रेत्यांकडे मागणी नोंदवणार आहोत. परदेशातून आणायचे आहे ते १९६५चे स्मरणिका-पुस्तक. राखीव आसने आणि मध्यंतर असलेल्या त्या वेळच्या खास खेळांना चित्रपटगृहांत अशी पुस्तके विकली जात. ते पातळ असल्याने पुस्तकाऐवजी माहितीपत्रक ठरण्याची शक्यता आहे आणि माहितीपत्रकांना पुस्तकांसारखी जीएसटीची सूट नाही. म्हणून या वेळी विक्रेत्याकडून पानांची संख्या आणि बांधणीचा प्रकार बिलावरच लिहून घेणार आहे आणि पार्सल एप्रिलच्या आत पोहोचेल अशा बेताने जानेवारीतच मागणी नोंदवणार आहे.